मिनिट वॉल्ट्झ थर्ड्समध्ये बसवायचाय? मग आधी हा क्रम लावा

शोपँ या संगीतकाराचा डी फ्लॅट मेजरमधला वॉल्ट्झ (तीन मात्रांच्या ठेक्याचा पियानो पीस), ओपस ६४ नंबर १, म्हणजे सगळ्यांचा ओळखीचा मिनिट वॉल्ट्झ. मूळ पीस बऱ्यापैकी वाजायला लागला की दोन-चार महिन्यांत कुणीतरी यूट्यूबवर त्याची डबल नोट्सवाली (दोन-दोन सूर एकत्र वाजणारी) आवृत्ती ऐकतं, रोझेन्थाल किंवा मिहालोव्स्की या जुन्या पियानिस्टांची, आणि मग पीडीएफ उतरवून पहिल्या पानापासून दोन्ही हातांनी सुरू होतं. पुढची गोष्ट ठरलेलीच. तीन आठवड्यांत निम्म्या स्पीडला पीस कसाबसा येतो, त्यानंतर काहीही केलं तरी स्पीड वाढत नाही, मनगटाच्या वरच्या बाजूला दुखायला लागतं, आणि "माझे हात लहान आहेत" म्हणून फाईल बंद. हात लहान नसतात हो, थर्ड धरायला कुणाचाच हात लहान पडत नाही. चुकतो तो क्रम. मी स्वतः चार महिने चुकीच्या फिंगरिंगवर (कुठल्या सुराला कुठलं बोट) घालवलेत आणि ते पुसायला आणखी दोन गेले, त्यामुळे हे सगळं जरा पोटतिडकीने लिहितोय.

थर्ड म्हणजे काय हे ज्यांना पक्कं माहीत नाही त्यांच्यासाठी एकच ओळ: सा आणि ग एकत्र, मग रे आणि म एकत्र, असं एकाच हाताने धावत जायचं.

## सुरू करण्याआधी: चार गोष्टी तपासा

मूळ पीस. मूळ वॉल्ट्झ तुम्हाला न बघता, न अडखळता वाजवता आला पाहिजे. एका बारला (तीन मात्रांच्या एका खणाला) एक ठोका धरला तर मिनिटाला ७०-७५ बार तरी. बहुतेक पियानिस्ट ८० च्या आसपास वाजवतात आणि पीस दीड ते दोन मिनिटांत संपतो, नावात मिनिट आहे म्हणून साठ सेकंदांच्या मागे लागू नका. हे येत नसेल तर इथेच थांबा, आधी ते करा.

स्कोअर, म्हणजे छापील स्वरलिपी. रोझेन्थाल, मिहालोव्स्की, रेगर (याने १८९९ मध्ये शोपँवर पाच स्पेशल स्टडीज केल्या, त्यातली पहिली हीच), प्रत्येकाने हा वॉल्ट्झ वेगळ्या तऱ्हेने अवघड केलाय. एक आवृत्ती निवडा आणि तिलाच धरून राहा, दोघांतलं आवडेल ते उचलून मिसळ करू नका कारण फिंगरिंग एकमेकांत बसत नाहीत. रोझेन्थाल १९४६ मध्ये गेला, भारतात कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, तेव्हा त्याचा स्कोअर आपल्याकडे बिनधास्त उतरवून प्रिंट काढता येतो. प्रिंट काढाच, टॅबवर पेन्सिल चालत नाही.

वाद्य. हे सगळ्यात दुर्लक्षित. थर्ड्समध्ये तीच की (पट्टी) लगेच दुसऱ्या बोटाने परत वाजवावी लागते (का ते तिसऱ्या टप्प्यात सांगतो). ग्रँड पियानोत डबल एस्केपमेंट असतं म्हणून की अर्धवट वर आली तरी सूर परत वाजतो. अपराइटवर (उभ्या पियानोवर) आणि बऱ्याच डिजिटलवर ती जवळजवळ पूर्ण वर यावी लागते. म्हणजे अपराइटवर सराव करून ग्रँडवर वाजवणाऱ्याला सुख आहे, उलटं केलं तर रडू येईल. हलक्या कीजचा ६१ वाला कीबोर्ड असेल तर हा पीस त्यावर करू नका, वरच्या बाजूला कीज संपतात आणि बोटांना वजनाची सवयच लागत नाही. खरा पियानो असेल तर पावसाळ्यात कीज फुगून अडकतात, मुंबई-कोकणात तर हमखास, तेव्हा जुलैमध्ये "माझं चौथं बोट कमजोर आहे" असा निष्कर्ष काढण्याआधी ती की नुसती दाबून सोडून बघा, स्वतःहून वर येतेय का.

हात. हार्मोनियमवरून आलेल्यांची बोटं बऱ्याचदा सपाट असतात आणि मनगट खाली. एका ओळीत ते खपून जातं, दोन ओळींत नाही. पाची बोटं पाच कीजवर ठेवा आणि बघा, करंगळी टोकावर उभी आहे की कडेवर आडवी झोपलीय. आडवी असेल तर पुढचं सगळं तिच्यामुळे अडणार.

> चेक: मूळ वॉल्ट्झचा फक्त उजवा हात, एकदम हळू, एकदम हलका, न बघता. एकदाही थांबलात तर टप्पा १ नीट करा, थांबला नाहीत तरी करा.

## टप्पा १: मूळ वॉल्ट्झ मोडून परत लावा

पहिले चार बार उजवा हात एकटा असतो. पहिला लांब ए फ्लॅट झाला की चार सुरांचा एक गट गोल फिरायला लागतो: जी, ए फ्लॅट, सी, बी फ्लॅट. परत जी, ए फ्लॅट, सी, बी फ्लॅट. आता गंमत अशी की बारमध्ये अर्ध्या-अर्ध्या मात्रेचे सूर सहा आणि गट चारचा. म्हणजे गटाची सुरुवात प्रत्येक वेळी बारच्या वेगळ्या जागी पडते आणि दर दोन बारनंतर जुळते.

इथे आपल्या कानांचा एक घोळ होतो. तबल्याची सवय असलेला माणूस चारचा गट ऐकला की नकळत केहरवा धरतो आणि प्रत्येक जी वर ठोका देतो. मग पाचव्या बारला डावा हात वॉल्ट्झचा ठेका घेऊन येतो आणि याची सम हरवलेली असते. दुसरा प्रकार म्हणजे सहा सूर दिसले की दादरा, तीन-तीन. तेही चूक. वॉल्ट्झमधले सहा म्हणजे दोन-दोन-दोन. मोठ्याने मोजा, "एक-आणि दोन-आणि तीन-आणि". एकट्या सुरांत ही चूक झाकली जाते, थर्ड्समध्ये नाही, कारण थर्डचा आवाज जाड असतो आणि चुकीच्या जागचा जोर लगेच बाहेर दिसतो.

म्हणून आठवडाभर रोज पाच मिनिटं: डाव्या हाताने मांडीवर एक-दोन-तीन आणि उजव्याने पहिले आठ बार. टाळी चुकली की पहिल्यापासून.

मग दुसरं काम. पूर्ण पीसचा साचा कागदावर लिहून काढा: सुरुवात, पाचव्या बारला डावा हात, धावता भाग, साधारण ३७ व्या बारपासून लांब सुरांचा शांत भाग, मग ए फ्लॅटवरचा ट्रिल (शेजारचे दोन सूर झरझर आलटूनपालटून), धावता भाग परत, आणि शेवटी वरून खाली घरंगळणारी स्केल. तुमच्या आवृत्तीचे बार नंबर मूळशी जुळतीलच असं नाही, पण हा साचा तिथेही सापडतो. प्रत्येक भागावर पेन्सिलने नाव लिहा.

## टप्पा २: स्कोअरमध्ये मूळ चाल शोधून रंगवा

हा टप्पा लोक हमखास गाळतात. लाल पेन्सिल घ्या आणि नवीन स्कोअरमध्ये शोपँचा मूळ सूर जिथे जिथे आहे तिथे टिंब द्या. बऱ्याच ठिकाणी तो थर्डचा वरचा सूर असेल, काही ठिकाणी आत लपलेला असेल, कुठे डाव्या हातात गेलेला असेल.

हे कशाला? कारण हा पीस दोन समान ओळींचा नाहीच. एक ओळ आहे आणि तिच्याबरोबर चालणारी तिची सावली आहे. सावली माणसापेक्षा जाड झाली की ऐकणाऱ्याला मिनिट वॉल्ट्झ ओळखूच येत नाही, नुसता खडखडाट ऐकू येतो. पियानोवर अंगठा आणि दुसरं बोट आपोआप जड पडतात आणि चौथं-पाचवं आपोआप हलकं, म्हणजे काहीच नाही केलं तर सावलीच जिंकणार. लाल टिंबांचा उपयोग एवढाच की डोळा सतत मूळ चालीवर राहतो.

## टप्पा ३: फिंगरिंग, आणि ते एकदाच

फिंगरिंग हळू स्पीडला ठरवू नका. हळू काहीही चालतं, तोच तर सापळा आहे. दोन-तीन पर्याय लिहा, प्रत्येक पर्याय फक्त चार-पाच थर्डपुरता पूर्ण स्पीडला झटकन वाजवून बघा, स्वच्छ नसला तरी चालेल, हात कुठे अडकतो तेवढं बघायचं. जो कमी अडकतो तो ठेवा आणि मग हळू सराव.

आवृत्ती कुठलीही असो, आधी घरचा एक व्यायाम करा. सुरुवातीचाच चारचा गट घ्या आणि प्रत्येक सुराखाली थर्ड लावा:

- ई फ्लॅट आणि जी: बोटं २ आणि ३
- एफ आणि ए फ्लॅट: १ आणि ४
- ए फ्लॅट आणि सी: २ आणि ५
- जी आणि बी फ्लॅट: १ आणि ४

मग परत पहिल्यावर. (१ अंगठा, ५ करंगळी.) हे का बसतं ते बघा: अंगठा फक्त पांढऱ्या कीजवर येतो, काळ्या कीज लांब बोटांकडे जातात, खालची ओळ २-१-२-१ अशी चालते आणि वरची ३-४-५-४. सलग दोन थर्डमध्ये कुठलंच बोट दोनदा येत नाही. हेच तत्त्व धरून बाकीचं फिंगरिंग तपासा, छापील फिंगरिंगसुद्धा. छापलंय म्हणून पाळायचं असं काही नाही.

आता ती मघाची गोष्ट. एफ-ए फ्लॅट वाजवून ए फ्लॅट-सी वर जाताना ए फ्लॅट दोन्हीत आहे. आधी चौथ्या बोटाने वरचा सूर म्हणून, लगेच दुसऱ्या बोटाने खालचा सूर म्हणून. तसंच जी-बी फ्लॅटवरून ई फ्लॅट-जी वर येताना जी. आधी अंगठ्याखाली, मग तिसऱ्या बोटाखाली. म्हणजे प्रत्येक चारच्या गटात दोन कीज लागोपाठ दोनदा वाजतात. पहिलं बोट वेळेवर उठलं नाही तर दुसऱ्याला की मिळतच नाही आणि सूर गायब. लोक म्हणतात "माझे सूर खाल्ले जातात", आणि अजून जोरात दाबतात. अहो, दाबायचं नाहीये, लवकर सोडायचंय.

यातून अजून एक कळतं: ए फ्लॅटवरून सी वर जाताना वरची ओळ खऱ्या अर्थाने लेगाटो (सलग जोडलेली) होऊच शकत नाही, की सोडावीच लागते. तिथे ओढून-ताणून जोडायला गेलात तर मनगट आवळतं. फट लहान ठेवा आणि पुढचा सूर आधीच्या इतकाच हलका वाजवा, कान स्वतः जोडून घेतो.

> थांबा: फिंगरिंग स्कोअरवर प्रत्येक थर्डवर लिहिलंय का? "लक्षात आहे" चालणार नाही. तीन दिवसांनी लक्षात नसतं आणि तुम्ही नवीनच काहीतरी शिकत बसता.

## टप्पा ४: ओळी वेगळ्या, पण बोटं तीच

उजव्या हाताची वरची ओळ एकटी वाजवा, पण थर्डच्याच फिंगरिंगने. म्हणजे वरच्या उदाहरणात ३-४-५-४. खालची बोटं कीजवर नुसती ठेवलेली. मग खालची ओळ एकटी, २-१-२-१. दोन्ही ओळी एकेकट्या ज्या दिवशी गाणं वाटतील त्या दिवशी एकत्र करा.

एकत्र करताना हा क्रम:

१. वरची ओळ जोडलेली, खालची टोचल्यासारखी तुटक. हे सगळ्यात महत्त्वाचं, निम्मा वेळ इथे जाऊ दे.

२. उलटं: खालची जोडलेली, वरची तुटक. डोकं फिरेल, पण दोन दिवस करा, बोटं एकमेकांपासून सुटी होतात.

३. वरची मध्यम आवाजात, खालची जेमतेम ऐकू येईल एवढी.

४. दोन्ही तुटक, अगदी हलक्या, मनगट सैल.

हे सगळं एका वेळी दोन बारवर. पान भरून नाही. आणि थर्ड्स सलग आठ-दहा मिनिटांच्या वर नाही, मग पाच मिनिटं दुसरं काहीतरी, डावा हात करा, चहा घ्या. स्नायू जड होणं वेगळं आणि दुखणं वेगळं. जड झालं तर ब्रेक, मनगटात किंवा कोपराखाली टोचल्यासारखं दुखलं तर त्या दिवसाचं काम बंद. दुखतंय तरी करत राहिल्याने ताकद येते ही समजूत जिमवाल्यांची, इथे ती चालवू नका.

> चेक: फोनवर रेकॉर्ड करा आणि अर्ध्या स्पीडला ऐका. दोन सूर एकत्र पडतायत की "ट-डक ट-डक" असे फाटतायत? फाटत असतील तर बहुतेक वेळा वरचं बोट उशिरा पोचतंय. त्याला जोर देऊ नका, वाजायच्या आधी की ला टेकवून तयार ठेवा.

## टप्पा ५: सांधे

थर्ड्सचा लांब धाव म्हणजे तीन-चार थर्डचे छोटे गट आणि त्यांच्यामधले सांधे, जिथे हात नवीन जागी सरकतो. गटाच्या आत कुणाचंच अडत नाही, सगळे सांध्यावर अडतात, आणि तरी सराव मात्र पूर्ण धावाचा करतात. म्हणजे अडचण दीड टक्का आणि वेळ शंभर टक्के. (आकडा माझ्या मनाचा, पण मुद्दा खरा.)

प्रत्येक सांध्यावर उभी रेघ मारा. मग फक्त रेघेच्या आधीचा एक थर्ड आणि नंतरचा एक थर्ड, दहा वेळा. सरकताना अंगठा आत वळवून खाली घुसवायची सवय असते, थर्डमध्ये तेवढी जागाच नसते, त्याऐवजी पूर्ण हात कोपरापासून आडवा सरकू द्या. वर चढताना खालचा सूर क्षणभर आधी सोडा आणि वरच्या बोटावरून हात पुढे न्या, जसं बसमधून उतरताना एक पाय फुटपाथवर टेकला की दुसरा उचलतो.

सांधे जमले की स्पीडचे तुकडे: एक गट आणि पुढच्या गटाचा पहिला थर्ड, पूर्ण स्पीडला, आणि तिथे थांबायचं. हात सैल. परत. नंतर दोन गट आणि एक. असं जोडत जा.

बाजूला पूरक म्हणून काही हवं असेल तर शोपँचाच एट्यूड (सरावाचा पीस) ओपस २५ नंबर ६ थर्ड्सचा आहे, त्याच्या पहिल्या पानाचा ट्रिल पुरे. तुमच्या आवृत्तीत सिक्स्थ (सा आणि ध एकत्र) असतील तर ओपस २५ नंबर ८, तो याच डी फ्लॅट मेजरमध्ये आहे त्यामुळे हाताला ओळखीचा वाटतो. मॉस्कोव्स्कीचं डबल नोट्सचं एक पूर्ण पुस्तकच आहे (त्याचाही ओपस नंबर योगायोगाने ६४), पण ते सगळं करायला बसलात तर वॉल्ट्झ पुढच्या जन्मी.

## टप्पा ६: डावा हात

उजवा अवघड म्हणून डाव्याकडे कुणी बघत नाही आणि शेवटी पीस डाव्यामुळे पडतो. डावा एकटा, न बघता, स्पीडच्याही वर आला पाहिजे. ठरलेल्या स्पीडपेक्षा मेट्रोनोमवर (ठोके देणारं यंत्र) पाच-दहा जास्त. उजवा इतकं लक्ष खातो की डाव्याला डोळे मिळणारच नाहीत.

पहिला ठोका खालचा बास, थोडा वजनदार. दुसरा-तिसरा हलके, तिसरा सगळ्यात हलका. दुसरा-तिसरा जाड झाले की उजव्यालाही जाड वाजवावं लागतं आणि मग दोघांची मारामारी.

## टप्पा ७: दोन्ही हात आणि मेट्रोनोमच्या पायऱ्या

दोन बार, मग चार, मग आठ. सुरुवात मिनिटाला ६० ठोके, बारला तीन, म्हणजे मिनिटाला २० बार. हो, इतकं हळू.

पुढच्या पायऱ्या अशा: ७२, ८४, ९६, १०८, १२०. एकशेवीसला पोचलात की मेट्रोनोम बदला आणि बारला एकच ठोका घ्या, मिनिटाला ४०. तोच स्पीड आहे, पण आता डोकं तीन ठोके मोजत नाही, वॉल्ट्झचा झोका लागतो. तिथून ४४, ४८, ५२, ५६, ६०.

मिनिटाला ६० बार म्हणजे सेकंदाला सहा थर्ड. माझ्या मते घरच्या पियानिस्टसाठी हे पुरे आहे. मूळ वॉल्ट्झ ८० ला, म्हणजे सेकंदाला आठ सूर, वाजवता म्हणून हाही तिथेच न्यायचा हा हट्ट सोडा. थर्ड्स ६० ला स्वच्छ आणि हलके असतील तर ऐकणाऱ्याला ते ८० च वाटतात, कारण कानात दुप्पट सूर पडतायत. ८० ला चिखल झाला तर तो चिखलच वाटतो.

वरच्या पायरीवर जायचा नियम: लागोपाठ तीन वेळा स्वच्छ, आणि तिन्ही वेळा खांदे खाली. दोनदा चुकलं तर दोन पायऱ्या मागे. एक नाही, दोन.

> थांबा: रोज सरावाची पहिली फेरी कालच्या शेवटच्या स्पीडला सुरू करताय का? करू नका. रोज ६० ठोक्यांपासून (म्हणजे २० बारपासून), झरझर चढत. पाचच मिनिटं लागतात.

## टप्पा ८: मधला शांत भाग आणि ट्रिल

इथे चाल लांब सुरांची आहे आणि सगळे सुटकेचा श्वास टाकून जोरात वाजवायला लागतात. खरं तर पीसमध्ये गायची जागा हीच. लांब सूर वाजवल्यावर पियानोचा आवाज विरत जातो, पुढचा सूर त्या विरलेल्या आवाजाशी जुळवून घ्या, नाहीतर प्रत्येक सूर घंटेसारखा वेगळा पडतो. आवृत्तीनुसार भोवती बारीक नक्षी असेल, ती कायम चालीच्या एक पायरी खाली. आणि हात इथेच आराम करून घेतात, त्यामुळे मुद्दाम मनगट एकदा सैल सोडून बघा, जमलं तरच पुढचा भाग वाजेल.

मग ए फ्लॅटवरचा ट्रिल. मूळ पीसमध्ये तो एकट्या सुराचा असतो, तुमच्या आवृत्तीत थर्डचा असेल तर एफ-ए फ्लॅट आणि जी-बी फ्लॅट असा अदलाबदलीचा प्रकार येतो. पहिल्यांदा १-३ आणि २-४ करून बघा, अंगठा आणि दुसरं पांढऱ्यावर, तिसरं आणि चौथं काळ्यावर, हात आपोआप बसतो. चौथं लवकर थकत असेल तर २-४ च्या जागी २-५. सूर मोजून वाजवा, आधी बारला सहा, मग बारा. "जमेल तितके" असं सोडून दिलं की ट्रिलमधून बाहेर पडायची जागा सापडत नाही, आणि हा पीस लोकांचा बहुतेक वेळा तिथेच कोसळतो.

## टप्पा ९: परतीचा भाग

काही आवृत्त्यांत परत येताना मधली लांब चाल आणि धावती चाल एकावर एक ठेवलेल्या असतात. ऐकायला भन्नाट, वाजवायला मात्र वेगळी तयारी लागते. लांब चाल गुणगुणत फक्त धावती वाजवा. मग धावती विसरून फक्त लांब चाल, तिच्या खऱ्या बोटांनी. तोंडाने गाता येत नसेल तर बोटांनीही जमणार नाही, हे मी बऱ्याच जणांच्या बाबतीत पाहिलंय, माझ्यासकट. एकत्र करताना लांब चालच वर ठेवा, धावतीला लोक आधीच ओळखतात.

शेवटची घरंगळणारी स्केल शेवटी शिकायची नाही, पहिल्या आठवड्यातच शिकायला घ्या. शेवटाला हात थकलेले असतात, तेव्हा तीच जागा सगळ्यात जास्त पाठ लागते. बोटं थकलेली असताना कशी वाजते ते बघायला, पूर्ण पीस वाजवून झाल्यावर न थांबता तेवढाच शेवट परत दोनदा वाजवा.

## टप्पा १०: पेडल सगळ्यात शेवटी

इतके दिवस पेडलवर (सूर लांबवणाऱ्या) पाय ठेवलाच नसेल तर उत्तम. पेडलने दोन चुका झाकल्या जातात, फाटलेले थर्ड आणि गायब झालेले सूर, आणि त्या दोन्ही चुका तुम्हाला ऐकू यायलाच हव्या होत्या.

आता: पहिल्या ठोक्याला उथळ पेडल, दुसऱ्याच्या आसपास वर. पूर्ण खाली नाही, पाव-अर्धा. धावत्या भागात शेजारशेजारचे थर्ड एकमेकांत मिसळले की लगेच घाण वाटतं, म्हणून स्केलच्या जागी पेडल जवळपास नाहीच. बऱ्याच स्वस्त डिजिटल पियानोंचं पेडल फक्त चालू-बंद असतं, अर्धं पेडल घेताच येत नाही, तिथे पहिल्या ठोक्यावर अगदी क्षणभर दाबून सोडा. मधल्या भागात पेडल मोकळेपणाने, पण बास बदलला की बदला.

## नेहमीच्या तक्रारी

"एका हाताने येतं, दोन्हीने नाही." नव्वद टक्के वेळा डावा कच्चा आहे. टप्पा ६.

"घरी येतं, दुसऱ्या पियानोवर नाही." मघाची परत वाजणाऱ्या कीजची भानगड. नवीन वाद्यावर बसल्या बसल्या तो चारचा गट दोनदा वाजवून बघा, की किती वर आल्यावर परत बोलते ते दहा सेकंदांत कळतं, मग त्याप्रमाणे बोटं कमी-जास्त उचला.

"५२ च्या पुढे जातच नाही." हात आवळतोय का ते आधी बघा. नसेल आवळत तर फिंगरिंगमध्ये कुठेतरी तेच बोट लागोपाठ दोनदा येतंय, शोधा. हळू वाजवताना ते खपून जात होतं.

"करंगळीचा सूर ऐकूच येत नाही." करंगळी मारू नका. हाताचा तोल किंचित करंगळीकडे कलवा, अंगठ्याकडची बाजू हलकी होऊ द्या. अंगठा शांत झाला की करंगळी आपोआप ऐकू येते.

"किती दिवस लागतील?" मूळ वॉल्ट्झ पक्का असेल आणि रोज ४० मिनिटं देत असाल तर चार ते सहा महिने धरा. मधे दोन आठवडे पूर्ण सोडून द्या आणि फक्त मूळ वॉल्ट्झ वाजवा, एकट्या सुरांचा. परत थर्ड्सकडे आलात की पहिल्या दिवशी सगळं विसरल्यासारखं वाटेल, तिसऱ्या दिवशी ५६ ला बसलेलं असेल.